पद्माक्कांची झोप

आमच्या डेअरीत गावोगावचं दूध घेऊन येणारे टेम्पो सकाळी साडेसहाला धक्क्याला लागायचे, आणि पद्माक्का त्याआधीच तिथं उभ्या असायच्या. काम बघणाऱ्याला साधं वाटायचं. कॅनचं झाकण उघडायचं, उलटं करून नाकाशी धरायचं, कारण दुधाचा खरा वास झाकणाच्या आतल्या अंगाला साठून राहिलेला असतो, आणि सांगायचं, "घ्या" किंवा "न्ह्या परत". तिसरा शब्द नाही. मी आत प्रयोगशाळेत दुधातलं फॅट मोजायचं काम करायची. माझ्याकडं यंत्रं होती, नळ्या होत्या, पण आंबायला लागलेलं दूध माझ्या नळीत कळायच्या आधी अक्कांच्या नाकाला कळलेलं असायचं. गुरांनी रात्री कसला पाला खाल्लाय, कॅन कुठल्या फडक्यानं पुसलाय, हेही त्या सांगायच्या.

माणूस किळसखोर. दुसरा शब्द मला सापडत नाही. कॅन्टीनच्या कपातला चहा त्यांनी नोकरीच्या अख्ख्या काळात प्यायला नाही. "वंदे, त्या कपाच्या कानात बघ काय बसलंय ते," असं एकदा त्यांनी मला सांगितलं, मी बघितलं, आणि त्या दिवसापासून मीही घरून पेला न्यायला लागले. पिण्याचं पाणी घरून गाळून आणायच्या. जेवायच्या सुट्टीत आम्ही ज्या खोलीत बसायचो तिथं एक जुना सोफा होता, त्याच्या पाठीवर डोक्याच्या तेलाचे काळे डाग. अक्का त्यावर आपली धुतलेली चादर टाकूनच टेकायच्या. शिरोळकडच्या जैन शेतकरी घरातल्या, लग्न होऊन मंगळवार पेठेत आलेल्या. आमच्याकडच्या बायका बोलतात तशा "मी आलो, मी गेलो" बोलणाऱ्या. आवाज मोठा, अंगानं स्थूल, मान आखूड.

एका संचालकांचे मेहुणे होते. त्यांच्या गोठ्यातलं दूध यायचं. एका सकाळी अक्कांनी त्यांचे दोन कॅन बाजूला काढले. गृहस्थ स्वतः टेम्पोबरोबर आलेले, अंगावर कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट.

"काय झालं दुधाला?"

"आंबलंय."

"आताच काढलंय म्हशीखालनं. तुमच्या नाकातच कायतरी बिघाड असंल."

अक्कांनी आमच्या खिडकीतून काचेचा ग्लास मागितला, त्यांच्याच कॅनमधून भरला आणि पुढं धरला. "घ्या पावणं. प्या."

धक्क्यावर दहा-बारा माणसं उभी होती. गृहस्थांनी ग्लास तोंडाला लावला, एक घोट घेतला आणि तो तोंडातच धरून उभे राहिले. गिळता येईना, थुंकता येईना. शेवटी टेम्पोच्या मागं गेले. अक्कांनी तिकडं बघितलंही नाही, पुढचं झाकण उचललं. तो ग्लास मात्र मला चार वेळा धुवायला लावला.

असं हे माणूस. आणि त्याच माणसाला आम्ही काय केलं ते आता सांगते.

सुरुवात कधी झाली हे नेमकं सांगता येणार नाही. अक्का थकल्यासारख्या दिसायला लागल्या. सकाळी येतानाच डोकं धरलेलं. तोंड कोरडं पडतं म्हणून सारखं पाणी. बोललेलं विसरायच्या, आणि आठवण करून दिली की चिडायच्या. पेठेतल्या डॉक्टरांनी वयाचं आहे म्हणून सांगितलं, मग थायरॉईड तपासला, मग रक्त वाढायच्या गोळ्या दिल्या. दोन वर्षं त्या गोळ्या खात होत्या. मी एकदा विचारलं, "अक्का, झोप होती न्हवं?"

"आठ तास पडतो की," त्या म्हणाल्या. "उठतो तवा कुणीतरी बडवल्यागत अंग असतंय."

मग त्या उभ्या उभ्या झोपायला लागल्या. हातात कॅनचं झाकण, नाकाशी धरलेलं, डोळे मिटलेले. बघणाऱ्याला वाटावं, वास घेताहेत. पण झाकण खाली यायचं नाही. मग टेम्पोवाला खाकरायचा आणि अक्का दचकून म्हणायच्या, "घ्या."

अशाच एका "घ्या"मधून आंबलेला कॅन टाकीत गेला. दुपारी दूध उकळायला घेतलं तेव्हा सगळ्या टाकीतलं दूध फुटलं. ते सगळं दूध मागच्या गटारात सोडावं लागलं. पांढरे गोळे जाळीला अडकले, वरून ऊन पडलं, आणि पुढचे चार दिवस त्या वासात आम्ही डबे उघडले. माश्या इतक्या की बोलताना तोंड झाकून घ्यावं लागे. अक्का रोज त्या जाळीपाशी जाऊन उभ्या राहायच्या. "हे माझंच हाय," एवढंच म्हणाल्या.

साहेबांनी त्यांना धक्क्यावरून काढलं आणि आतल्या टेबलावर नोंदी करायला बसवलं. धक्क्यावर वजनकाट्याचा जाधव उभा राहायला लागला.

आतल्या टेबलावर तर झोप जास्तच यायची. जेवणानंतर अक्का सोफ्यावर चादर टाकून, भिंतीला डोकं टेकून बसायच्या आणि मिनिटभरात घोरायला लागायच्या. ते घोरणं साधं नव्हतं. खोलीतली भांडी हलतील असं. जाधव त्याला पंप म्हणायचा. "पंप चालू झाला," असं तो म्हणाला की सगळे हसायचे. बाईमाणसानं असं घोरावं याचीच त्यांना जास्त मजा वाटायची. त्यांच्या घरातले बापे घोरत असतील, त्याचं कुणाला काही नव्हतं.

एक दिवस जाधवनं मोबाईल काढला. अक्कांच्या तोंडाजवळ नेला. तोंड उघडं, कोपऱ्यातून लाळेची बारीक रेघ हनुवटीवर आलेली, नाकातून आणि घशातून तो आवाज. मग आवाज एकदम बंद पडला. छाती हलायची, पण हवा आत जात नव्हती. जाधव हळूच म्हणाला, "पंप बंद पडला."

मी हसले. हे लिहून टाकलेलं बरं. बाकीचेही हसले, पण माझं हसणं उंच आहे, शेवटी उचकी लागल्यासारखं तुटतं, ते कुठंही ओळखू येतं. तेवढ्यात अक्कांच्या घशात काहीतरी अडकल्यासारखा आवाज झाला, पाय झटकले गेले, एक मोठा श्वास आत ओढला गेला आणि घोरणं परत सुरू झालं. तेव्हा तर सगळे पोट धरून हसले.

तीन वाजायच्या आत तो व्हिडिओ स्टाफच्या ग्रुपवर होता. त्या ग्रुपवर अक्काही होत्या. हसऱ्या तोंडांची रांग लागली. साहेबांनीही एक टाकलं. त्या संध्याकाळी मी घरी स्वयंपाक करत होते आणि शेजारी ठेवलेला फोन सारखा वाजत होता. एक-दोनदा मी तो उचलून पाहिलाही. मळमळत होतं म्हणाले तर खोटं होईल. मळमळ दुसऱ्या दिवशी सुरू झाली.

दुसऱ्या दिवशी अक्का प्रयोगशाळेत आल्या. दार लोटून घेतलं. फोन माझ्यापुढं ठेवला आणि व्हिडिओ लावला.

"त्यात तुझं हसणं हाय."

मी हातातली नळी स्टँडमध्ये ठेवली.

"परत ऐक. आवाज कुठं बंद पडतो बघ." आवाज बंद पडताच त्यांनी बोटांवर मोजायला सुरुवात केली. माझ्याकडं बघत मोजलं. एकवीसला घशातला तो आवाज आला. "एकवीस. तवर मी श्वासच घेतल्याला न्हाई. आन् तू कुठं हसलीयास? आठला."

"अक्का, माझं चुकलं."

"ते ऱ्हाऊ दे. उद्या सुट्टी टाक. माझ्यासंगं दवाखान्यात चल. मी झोपल्याला असतो, मला काय ठावं न्हाई. तू बघितलंयस. डॉक्टरला तू सांगायचं."

ही शिक्षा होती आणि ती मला पुरेपूर कळली. राजारामपुरीतल्या एका छातीच्या डॉक्टरांकडं आम्ही गेलो. तरुण, शांत माणूस. अक्कांनी फोन त्यांच्या हातात दिला. त्या लहानशा खोलीत अक्कांचं घोरणं, जाधवचा पंप आणि माझं हसणं, सगळं एकापाठोपाठ ऐकू आलं. डॉक्टरांचा चेहरा आक्रसला. त्यांनी विचारलं, "आवाज बंद करू का?"

"नको," अक्का म्हणाल्या. "असू दे. पुरा बघा."

त्यांनी पुरा बघितला, मग पहिल्यापासून परत बघितला, आणि मग मला विचारलं. असं किती वेळा होतं, झोपेत पाय झटकतात का, उठल्यावर डोकं दुखतं म्हणतात का. मी खाली बघून उत्तरं देत होते. डॉक्टरांनी सांगितलं, झोपेत घशाचा रस्ता मिटतो. हवा थांबते. मग मेंदू घाबरून जागं करतो, पण एवढंसंच, की माणसाला सकाळी आठवत नाही. आठ तास पडून राहायचं आणि रात्रभर दारात कुणीतरी थापा मारत राहायचं, असं ते आहे. रक्तदाब तपासला, तोही वाढलेला. "बायका घोरतात असं सांगायला कुणी आणत नाही," ते म्हणाले. "थकवा येतो म्हणून येतात आणि गोळ्या घेऊन जातात."

मग घरी एका रात्रीपुरतं तपासणीचं यंत्र दिलं गेलं, बोटाला, छातीला, नाकाला वायरी लावायचं. तासाला किती वेळा श्वास थांबतो तो आकडा त्यात निघाला. तो आकडा अक्कांनी मलाही सांगितला नाही. त्या दिवशी ग्रुपवर मात्र त्यांनी एक ओळ लिहिली. 'हा व्हिडिओ डॉक्टरांना दाखवला. उपयोग झाला.' जाधवनं गुपचूप व्हिडिओ काढून टाकला, आणि दुसऱ्या दिवशी आम्ही सगळ्यांनी असे डबे उघडले की जणू काही घडलंच नाही. मला आमच्या त्या जेवण्याची अजून शिसारी येते. अक्का तिथं नव्हत्या. त्यानंतर निवृत्त होईपर्यंत त्या आमच्यात कधी जेवल्या नाहीत. आपल्या टेबलावरच डबा उघडायच्या, पाठ आमच्याकडं करून.

इलाज होता तो म्हणजे यंत्र. उशाशी ठेवायचं, त्याची नळी मास्कला, मास्क नाकावर, आणि रात्रभर त्यातून हवेचा दाब आत जात राहतो, म्हणजे घसा मिटत नाही. बरोबर वजन कमी करायचं, उताणं न झोपता कुशीवर झोपायचं. हे सगळं अक्कांनी ऐकून घेतलं. मास्क घ्यायला गेलो तेव्हा त्यांनी प्रत्येक मास्क आधी नाकाशी धरला, झाकण धरायच्या तसाच.

"टायरच्या दुकानागत वास मारतंय."

दुकानातला माणूस म्हणाला, "मावशी, धुतलं की जातो."

"आन् ह्या खोबणीत लाळ, घाम, शेंबूड बसंल ते? मुसकं हाय हे. बैलाला बांधत्यात तसलं."

घेतलं, पण वापरलं नाही. तीन रात्री प्रयत्न केला. पहिल्या रात्री हवा कडेनं निसटून डोळ्यांवर यायची. दुसऱ्या रात्री झोपेत कधी ओढून काढला ते कळलंच नाही. तिसऱ्या रात्री हवा ओलसर ठेवणाऱ्या यंत्रातल्या भांड्यातलं पाणी नळीत साठून गुळगुळ वाजायला लागलं, ते पाणी नाकात आलं आणि अक्का उठून बाथरूममध्ये जाऊन ओकल्या. यंत्र कपाटावर गेलं. महिनाभर तिथंच.

त्यांचे यजमान, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो, पेठेतच किराणा दुकान चालवायचे, घर वर. बायकोच्या घोरण्याला कंटाळून सहा वर्षं ते बाहेरच्या खोलीत झोपत होते, आणि तिचा श्वास थांबतो हे त्यांनाही ठाऊक नव्हतं. अण्णा वाईट माणूस नव्हता. पण सहा वर्षांत एकदाही त्या दारातून आत डोकावून बघितलं नाही, हे त्यांनी मला स्वतःच सांगितलं आणि सांगताना दुकानातला तांदूळ उगाच खालीवर करत राहिले.

कपाटावरून यंत्र खाली आलं ते अण्णांमुळं नाही. सुट्टीच्या दिवशी सकाळी अक्कांनी दूध तापत ठेवलं आणि शेजारी स्टुलावर बसल्या. बसल्या बसल्या डोळा लागला. दूध उतू गेलं, आच विझली, गॅस सुटत राहिला. खाली दुकानात अण्णांना वास आला तेव्हा ते धावत वर गेले. अक्का भिंतीला टेकून घोरत होत्या. नाकापासून दोन हातांवर गॅस.

दुसऱ्या दिवशी हे त्या मला सांगत होत्या तेव्हा त्यांचा आवाज पहिल्यांदा बारीक झालेला मी ऐकला.

"ज्या नाकावर घर चाललं माझं, त्याला गॅस कळला न्हाई, वंदे. अण्णाला कळला. अण्णाला हिंग आन् हळद वळखू येत न्हाई वासानं."

त्याच आठवड्यात त्या यंत्र घेऊन परत डॉक्टरांकडं गेल्या, एकट्या. नुसती नाकपुड्यांना टेकणारी छोटी उशी असलेला मास्क मागून घेतला. दाब आधी कमी आणि मग हळूहळू वाढणारा करून घेतला. नळीत पाणी का साठतं ते विचारलं. खोली गार असली की साठतं, नळीवर कापडाची खोळ घालायची, यंत्र अंथरुणापेक्षा खाली ठेवायचं. मग त्यांनी ज्या रीतीनं डेअरीतली भांडी धुवायला आम्हाला शिकवलं होतं, त्याच रीतीनं ते मुसकं ताब्यात घेतलं. रोज सकाळी उठल्यावर मास्क साबणाच्या कोमट पाण्यात, मग स्वच्छ पाण्यात, मग सावलीत धुतलेल्या फडक्यावर वाळत. पाण्याच्या भांड्यातलं शिळं पाणी रोज ओतून टाकायचं, नवं डॉक्टरांनी सांगितलेलंच घालायचं. आठवड्याला नळी धुवायची. हवा गाळायची जाळी काळी दिसली की बदलायची. ज्या किळसेनं यंत्र कपाटावर गेलं होतं, तिनंच ते इतकं स्वच्छ ठेवलं की दुकानातला माणूस बाकीच्या पेशंटना अक्कांचा नंबर द्यायला लागला. अक्कांनी त्याला तसं करू नको म्हणून झापलं, पण फोन आला की समजावून सांगायच्या.

दिवसा जागेपणी, टीव्ही बघताना अर्धा-अर्धा तास मास्क लावून बसायची सवय केली. रात्री आधी दोन तास, मग चार. महिना गेला असेल. एका सकाळी अक्का माझ्या टेबलाशी येऊन उभ्या राहिल्या. डोळ्यांखालचं काळं तसंच होतं, पण डोळे वेगळे होते.

"काल मी झोपलो," त्या म्हणाल्या. "उठलो तर उजाडल्यालं. अण्णानं दुकान उघडल्यालं. सपान पडल्यालं मला. कवा पडलं हुतं शेवटचं, ध्यानात न्हाई."

मग त्यांनी माझ्या टेबलावरच्या बाटल्यांकडं बघितलं आणि म्हणाल्या, "ती तिसरी बाटली नीट धुतल्याली न्हाई. वास येतोय."

अण्णा आतल्या खोलीत झोपायला परत आले. चारच दिवस. यंत्राचा आवाज नव्हता, अक्कांचा आवाज नव्हता, त्या शांततेत अण्णांचं घोरणं ऐकू यायला लागलं. अक्कांनी त्यांना परत बाहेर पाठवलं. "डॉक्टरकडं जाऊन या, मग या," म्हणून सांगितलं. हे सांगताना त्या हसल्या नाहीत. मला हसू आलं होतं, पण मी ते गिळलं. त्यांच्यासमोर हसायचा हक्क मी घालवून बसले होते.

डॉक्टरांचा कागद घेऊन त्या साहेबांकडं गेल्या. धक्क्याचं काम परत द्या म्हणाल्या. साहेब म्हणाले, "अक्का, आता दोन वर्षं राहिली. बसून खावा की."

"बसून खाऊन काय झालं ते तुमी बी बघितलंसा. तुमचं बी हसणं हाय त्यात."

साहेबांनी तेव्हा दिलं नाही. दोन महिन्यांनी दिलं, कारण जाधव सगळ्यालाच "घ्या" म्हणायचा आणि गिऱ्हाइकांच्या तक्रारी यायला लागल्या होत्या. माफी बाकी कुणी मागितली नाही. अक्का धक्क्यावर परत उभ्या राहिल्या त्या सकाळी जाधव काट्यावर मान घालून बसला होता. अक्कांनी पहिलं झाकण उचललं, नाकाशी धरलं आणि म्हणाल्या, "घ्या." दूध चांगलं होतं. पुढं निवृत्त होईपर्यंत त्यांच्या हातून एकही आंबलेला कॅन आत गेला नाही.

त्या निवृत्त झाल्यानंतर गेल्या वर्षी मला एकदाच भेटल्या. मध्यवर्ती बसस्थानकावर, हुपरीच्या गाडीत. खिडकीशी बसल्या होत्या. वजन बरंच उतरलेलं. मांडीवर काळी बॅग. कंडक्टर म्हणत होता, "मावशी, ती वर ठेवा." त्या म्हणत होत्या, "मांडीवर बरी हाय. मशीन हाय झोपायचं."

मी खिडकीखाली जाऊन उभी राहिले. कुठं निघालात, विचारलं.

"बहिणीकडं. पैंजणाचं काम करतीया घरात. चांदीच्या सांध्याला डाग देता देता डोळा लागला आन् हात भाजून घेतला. घरातली हसत्यात तिच्या घोरण्याला. उद्या सकाळी तिला दवाखान्यात न्हेतो. आज रातीला ऱ्हातो, बघतो तरी किती वेळ श्वास धरती."

मी त्या दिवसानंतर इतकी वर्षं जे परत बोलले नव्हते ते तिथं, बसच्या धुरात, बोलले. "अक्का, त्या दिवशी मी हसले ते."

त्यांनी माझ्याकडं नीट बघितलं. रागानं नाही, पण मऊपणानंही नाही.

"मी ते इसरल्यालो न्हाई," त्या म्हणाल्या. "इसरणार बी न्हाई. अजून कुणी तसं हसलं की मला मळमळतं."

मी मान हलवली. ड्रायव्हर चढला. गाडी सुरू झाल्यावर त्या खिडकीतून म्हणाल्या, "जा आता. उनात उभी ऱ्हाऊ नगंस."

गाडी फाटकातून वळेपर्यंत मी बघत होते. दुपारची वेळ, गाडी भरलेली. पुढच्या दोन बाकांवरच्या बायका गाडी सुटायच्या आधीच पेंगायला लागल्या होत्या. अक्का ताठ बसल्या होत्या, बॅगेवर दोन्ही हात ठेवून, टक्क जाग्या, रस्त्याकडं बघत.